साळूचा काटा

भाद्रपदात गणपती बोळवून चार दिवस झाले नसतील. एके सकाळी माई परसातून हाका मारीतच आली, "अरे, निशिगंधाच्या वाफ्यात कोण शिरले होते बघ!" जाऊन पाहतो तो वाफा पार उकरलेला. जागोजागी वीतभर खोल खड्डे, ओली माती चहूकडे उडालेली आणि अर्धवट कुरतडलेले चारदोन कंद उघड्यावर पडलेले. चाळीसएक कंदांपैकी बाराच काय ते शाबूत राहिले होते.

हा वाफा नानांचा. नाना म्हणजे माझे वडील. ते २००९ साली गेले. पण दर हिवाळ्यात कंद काढावे, सावलीत सुकवावे, त्यांची पोरे वेगळी करावी आणि फाल्गुनात पुन्हा लावावे, हा त्यांचा नेम माईने आजतागायत मोडलेला नाही. फुलांच्या वासाने शिकवणीच्या मुलांचे तंबोऱ्यावरचे लक्ष उडते, अशी नानांची तक्रार असे. आणि तो वाफा तालीमखोलीच्या खिडकीखालीच हवा, हा हट्टही त्यांचाच.

आमचे घर लष्करात, कंपूकडून मांढऱ्यांच्या मातेच्या टेकडीकडे चढ लागतो त्याच्या पायथ्याशी आहे. परस टेकडीच्या अंगाने वर चढत गेला आहे. वरच्या टोकाला जुना दगडी बांध आणि त्या बांधावर एक खोली. ती तालीमखोली. नाना १९४६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, दरबारच्या गवयांमागे तंबोरा धरायला लागले. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. नोकरी दोन वर्षांची झाली आणि 'दरबारी' ही पदवी मात्र पुढे साठ वर्षे चिकटली. त्यांनी जन्मभर शिकवण्या केल्या आणि आता मी त्याच खोलीत त्याच करतो. मी त्यांना पन्नाशीनंतर झालो. माझा थोरला भाऊ, दादा, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. तो पुण्यास असतो आणि बांधकामाच्या धंद्यात आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच.

प्रथम आम्हां सर्वांचा संशय घुशीवर गेला. पलीकडच्या निवृत्त बाबूजींना मी म्हणालो, "हमारे यहाँ घूस आ गई है." ते दचकून म्हणाले, "किसने दी?" ग्वाल्हेरीत दोन भाषांत संसार करणाऱ्याला असले प्रसंग रोजचेच. बाबूजींनी मग खदखदा हसून आपला पिंजरा दिला. त्यात मी भजे लावले. दोन रात्रींत एक चिचुंद्री आणि एक मांजराचे पिल्लू सापडले. वाफ्यातला नववा कंद तेवढा गेला.

पण घुशीची लक्षणे जुळत नव्हती. घूस बीळ करते ते लांब भुयारासारखे, आणि तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग घालते. इथे बीळ नव्हते, ढीग नव्हता. कंद जिथे होता बरोबर तिथेच वरून नाकाने शोधून काढल्यासारखा खड्डा. शिवाय दातांच्या खुणा. अर्धवट खाल्लेल्या कंदावर दोन दातांचे रुंद चर होते, जणू कुणी पटाशीने तासले असावे. घुशीचा दात इतका रुंद नसतो.

कोजागिरीला पाहारा करावा असे ठरवले. एरवीही त्या रात्री आमच्याकडे जागरण असते. आटीव दूध, चार विद्यार्थी, दोन जुने श्रोते, आणि मध्यरात्रीनंतर जो शुद्धीवर असेल त्याचे गाणे. सगळे गेल्यावर मी दिवे मालवून खिडकीशी बसलो. चांदणे असे की कंदांची पाने मोजावी. पहाटेपर्यंत एक पानही हलले नाही. पुढे वाचनात आले की ज्याची मी वाट पाहत होतो ते जनावर पुरत्या चांदण्यात बाहेर पडणे टाळते. उजेडात आपण दिसतो हे त्यास कळते. म्हणजे त्याला पाहण्यासाठी वर्षातली सर्वांत अयोग्य रात्र मी निवडली होती.

त्यानंतर दहा दिवसांनी, आश्विन वद्यातल्या काळोखात, मला त्याचा आवाज प्रथम ऐकू आला. मी तालीमखोलीतच निजलो होतो. दोनचा सुमार असेल. खिडकीखाली कुणी वाळलेल्या शेंगांचा घोस हलकेच हलवावा तसा आवाज झाला. खळ्‌खळ्‌खळ्‌, मग थांबा, मग पुन्हा. घुंगरांचा नव्हे, त्यात धातू नव्हता. झांजेचा नव्हे. पोकळ, कोरडा आणि आत कुठेतरी लाकडासारखा. आमच्या बांधाजवळ शिरीषाचे मोठे झाड आहे आणि वाऱ्यावर त्याच्या वाळक्या शेंगा असाच नाद करतात, म्हणून अर्धवट झोपेत मी कूस बदलली. बदलली आणि उठून बसलो. शिरीषाच्या शेंगा अजून हिरव्या होत्या. त्या वाजणार कशा?

आमच्या ग्वाल्हेर घराण्याची एक जुनी कथा आहे. दौलतराव शिंद्यांच्या पदरी बडे महंमदखाँ होते. त्यांची तान कुणास मिळत नसे. महाराजांनी हस्सूखाँ आणि हद्दूखाँ या पोरसवदा भावांना लपवून बसवले आणि खाँसाहेबांची गायकी चोरून ऐकवली, असे सांगतात. पुढे ती तान या भावांच्या गळ्यातून निघाली तेव्हा खाँसाहेब संतापले. ही कथा नाना रंगवून सांगत आणि शेवटी म्हणत, "त्या पोरांना दिसत काहीच नव्हते, म्हणून ऐकू आले." मी विजेरी हातात घेतली होती, ती तशीच खाली ठेवली आणि खिडकीच्या गजांना कान लावून बसलो. माती उकरल्याचा आवाज. नाकातून फुंकर मारल्यासारखे फुरफुरणे. मग दगडावर पाय आपटल्याचा थड्‌ असा ठोका, आणि पुन्हा ती खळखळ, या वेळी जोरात, कारण बाबूजींचा कुत्रा भुंकला होता. कुत्रा गप्प झाला. खळखळ थांबली. उकरणे सुरू.

सकाळी वाफ्याच्या कडेला एक काटा पडलेला होता. लांबी वीतभर, जाडी बोरूएवढी, काळा, मधे मधे पांढरे पट्टे. मी तो आणून माईपुढे धरला. तिने डोळ्यांशी नेऊन पाहिला, आणि म्हणाली, "साळू! अगो बाई, साळूचा काटा!" आणि तो काटा कुंकू लावून थेट देव्हाऱ्यात गेला.

जुन्या घरांतल्या बायकांना याचे कारण सांगायला नको. सीमंतोन्नयनात पतीने गर्भवतीच्या केसांचा भांग वर काढायचा, तो साळूच्या काट्याने. आणि काटाही कसा, तर तीन ठिकाणी पांढरा असलेला. सोबत औदुंबराच्या कोवळ्या फळांचा घोस आणि दर्भाच्या जुड्या. आम्ही ऋग्वेदी, आश्वलायन सूत्राचे. सूत्रात हे सर्व लिहिलेले आहे. आमच्या घरीही पणजीच्या वेळचा एक काटा होता. नाना तंबोऱ्याच्या जवारीचा दोरा सरकवायला तोच वापरीत आणि १९८५च्या सुमारास त्यांच्या हातून तो मोडला. माईने नानांना पुष्कळ गोष्टी क्षमा केल्या. ही केली नाही. आता दादाच्या लेकीला दिवस होते, सहावा महिना मार्गशीर्षात लागणार होता, आणि नेमका काटा आपल्या पायाने परसात आला. माईला हा योगायोग वाटेना.

त्याच दुपारी पलीकडच्या चाची पापडाचे पीठ मागायला आल्या. देव्हाऱ्यातला काटा पाहून त्या उंबऱ्यावरच थबकल्या. "हाय राम, सेही का काँटा! भाभी, इसे घर में मत रखो, कलह हो जाएगी." हिंदी मुलखात समजूत अशी की साळूचा काटा ज्या घरात पुरला त्या घरात भांडणे पेटतात. एकाच भिंतीच्या अलीकडे तो काटा मंगल आणि पलीकडे कळीचा. माईने पीठ दिले, काटा हलवला नाही. त्यावर बाईसाहेब, म्हणजे माझी पत्नी, मला हळूच म्हणाली, "बघू या, कुणाचे खरे होते."

त्या दिवसापासून मी जमेल ते वाचून काढले आणि जमेल ते ऐकले. साळिंदर हे जातीने उंदराचे भाऊबंद. आपल्या देशातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत सर्वांत मोठे. वजन दहापंधरा किलो सहज भरते. काटे म्हणजे मुळात केसच, घट्ट होऊन टोकदार झालेले. साळू काटे बाणासारखे फेकते ही समजूत मात्र साफ खोटी. काटे सैल बसलेले असतात, टोचले की तुटून समोरच्याच्या अंगात राहतात. आणि डिवचले तर ते जनावर पाठमोरे होऊन मागच्या मागे धाव घेते. जिम कॉर्बेटने मुक्तेसरच्या नरभक्षक वाघिणीची हकिकत लिहिली आहे. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला आणि पन्नासएक काटे अंगात रुतले; शिकार साधेना तेव्हा ती माणसांकडे वळली. आणि मला ऐकू येत होती ती खळखळ शेपटीची. शेपटीच्या टोकाला जे काटे असतात ते लांब नसून आखूड, पोकळ आणि टोकाशी उघडे असतात. ते एकमेकांवर आपटून नाद होतो. लढाईपूर्वीची सूचना आहे ती. ज्याच्याजवळ असे हत्यार आहे त्याने आधी वाजवून सांगावे, हे मला फार सभ्यपणाचे वाटले.

बीळ सापडायला वेळ लागला नाही. बांधाच्या खालच्या अंगाला, दोन मोठे दगड निखळले होते तिथे, माणूस रांगत शिरेल एवढे तोंड, आणि तोंडाशी हाडे. गाईचे एक जबड्याचे हाड, बकऱ्याच्या नळ्या, कुठून कुठून आणलेल्या. घरातली माणसे ती पाहून शहारली. पण त्यात भुताखेताचे काही नाही. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. हाडे चघळून ते झिजतात आणि चुनाही पोटात जातो. खरी काळजी वेगळीच होती. बीळ ज्या बांधात होते तो बांध तालीमखोलीला तोलून धरतो, आणि खोलीच्या नैऋत्य कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी भेग मला त्याच आठवड्यात दिसली. ती आधीची होती की नवी, हे देवास ठाऊक. मी त्या कोपऱ्याकडे त्यापूर्वी कधी पाहिलेच नव्हते.

कुणीतरी एका गड्याला माझ्याकडे पाठवले. तो म्हणाला, तोंडाशी धूर करतो, दुसऱ्या तोंडाला जाळी लावतो, एका रात्रीचे काम. मांस मी नेतो, काटे तुम्ही ठेवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, असे मी त्यास सांगितले. तो हसला आणि म्हणाला, साहेब, काटा सगळ्यांना पाहिजे. मला उत्तर सुचले नाही. आमच्याच देव्हाऱ्यात एक होता.

मार्गशीर्ष लागला. दादा, वहिनी, पुतणी आणि जावई गोवा एक्सप्रेसने आले. घर भरले. चाचींनी पुतणीसाठी मेथीचे लाडू पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा हातात चहाचा पेला घेऊन परसात गेला आणि पेला तसाच भरलेला घेऊन परत आला.

"बांध पोकळ झालाय. तुला दिसत नाही?"

"दिसतो."

"दोन महिने दिसतोय, आणि तू गप्प?"

त्याने तिथल्या तिथे ओळखीच्या ठेकेदाराला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट ओतून बीळ बुजवायचे आणि वरून दगड बसवायचे. मी म्हणालो, आत जनावरे आहेत. तो म्हणाला, पळतील. मी म्हणालो, ती दिवसा आत निजतात, पळणार नाहीत. मग आवाज चढले. तो बोलला त्यात वावगे नव्हते, हे मला त्याही वेळी कळत होते. खोली पडली तर मुले त्या खोलीत असतात. नानांची दोन तंबोऱ्यांची जोडी, मिरजेची, त्याच भिंतीला टांगलेली आहे. "तू जनावरांचे ऐकतोस," तो म्हणाला, "भिंतीचे ऐकत नाहीस." मीही मग बोलू नये ते बोललो. ज्याने पंधराव्या वर्षी या खोलीकडे पाठ फिरवली त्याने तिची काळजी करू नये, असे काहीतरी. माई पानावरून उठली. बायको देव्हाऱ्याकडे पाहून मला म्हणाली, "चाची जिंकल्या."

दादाची गोष्ट अशी. कान त्याचा माझ्याहून चांगला. नानाही ते मानीत. तो पंधरा वर्षांचा असताना बाहेरगावचे एक पाहुणे ऐकायला बसले होते. नानांनी तंबोरा जुळवला, आलाप सुरू केला, आणि मागे बसलेला दादा चारचौघांत म्हणाला, "नाना, पंचम उतरलाय." पंचम खरोखरच उतरला होता. नानांनी त्यास खोलीबाहेर जायला सांगितले. तो गेला, तो पुन्हा तंबोऱ्यामागे बसला नाही. पुढे सुट्टीत घरी आला तरी वरच्या खोलीच्या पायऱ्या चढत नसे. मी त्या वेळी एका वर्षाचा. हे सर्व मला माईने सांगितलेले.

त्या रात्री मी तालीमखोलीतच निजायला गेलो. झोप अर्थातच नव्हती. एकच्या पुढे पायऱ्यांवर पावले वाजली आणि दादा शाल गुंडाळून दारात उभा राहिला. म्हणाला, "तुझे जनावर केव्हा येते?" मी नुसता सरकून त्याला खिडकीशी जागा दिली. अमावास्या जवळ आली होती. आकाश स्वच्छ, थंडी कडाक्याची. आम्ही दोघे अर्धा तास एकही शब्द न बोलता बसलो. दोन भावांना तेवढे पुष्कळ झाले.

मग खळखळ झाली.

"शिरीष," दादा पुटपुटला. शेंगा आता खरोखरच वाळल्या होत्या, त्यामुळे मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण वारा कुठे आहे?" आणि पुढे वाकला. मी त्याच्याकडे पाहत नव्हतो, तरी त्याचा श्वास धरलेला मला कळत होता. नाना ऐकताना असाच धरीत. खाली पाय आपटला, फुरफुर झाली, दगडावरून काहीतरी घसरले.

"दोन आहेत," तो म्हणाला. "एकाचा आवाज भरीव, दुसऱ्याचा पातळ." पुन्हा बराच वेळ गेला. "आणि तिसरे आहे एक. ते वाजत नाही, नुसते चालते आहे."

दोन महिने मी ऐकत होतो. दोन आहेत हे मला समजले होते. साळिंदराची जोडी वर्षानुवर्षे एकत्र राहते आणि पिल्लेही त्याच बिळात असतात, हेही वाचले होते. पण तिसरे मला ऐकू आले नव्हते. पिल्लाची शेपटी अजून वाजण्याइतकी झाली नसावी. दादाने ते न वाजणारे ऐकले.

सकाळी ठेकेदार आला तेव्हा दादा त्याला घेऊन तास दीड तास बांधापाशी होता. काँक्रीट बिळात गेले नाही. तोंडापासून चार फूट सोडून बांधाला दगडाचा धिरा द्यायचा, वरच्या अंगाने पावसाचे पाणी दुसरीकडे वळवायचे, आणि कोपऱ्यातल्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवायची, म्हणजे भेग वाढली तर काच तडकून कळेल, असे ठरले. हा पट्टीचा उपाय मला फार आवडला. आजपर्यंत ती तडकलेली नाही. मजुरी दादाने दिली. मी देऊ केली ती त्याने घेतली नाही, आणि रात्रीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

सीमंतोन्नयन दोन दिवसांनी झाले. गुरुजींनी आपल्या पिशवीतून एक झिजलेला, टोक मोडलेला काटा काढला. इतक्या घरांत फिरलेला की त्याचे पट्टेही पुसट झाले होते. माईने त्यांना तो परत ठेवायला सांगितले. देव्हाऱ्यातल्या काट्यावर पट्टे चार भरत होते, म्हणून तिने आधीच मला कामास लावले होते, आणि बिळाच्या वाटेवर शोधून मी बरोबर तीन पट्ट्यांचा काटा आणला होता. जावयाने चार वेळा भांग वर काढला. हात थरथरत होता. कपाळाला टोचेल म्हणून, असे तो मागाहून म्हणाला.

आता सूत्रात पुढे जे आहे ते पुष्कळ घरी गाळले जाते. भांग काढून झाल्यावर दोन वीणावादकांना सोमराजाची स्तुती गायला सांगावे, असे तिथे म्हटले आहे. काट्याला आणि वीणेला एकाच विधीत शेजारी बसवणारा तो सूत्रकार कोण असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. नानांच्या वेळी ते स्वतः तंबोरा घेऊन बसत, आणि दुसरा कुणीतरी विद्यार्थी. मी एक तंबोरा खाली आणला होता. माई म्हणाली, "दोन पाहिजेत." माझा एक विद्यार्थी उठू लागला. तेवढ्यात दादा वर गेला आणि दुसरा तंबोरा घेऊन उतरला. जिना उतरताना त्याने तो दोन्ही हातांनी लहान मुलासारखा छातीशी धरला होता. बसला, चार तारा छेडल्या, मान तिरकी केली, आणि पहिल्या तारेची खुंटी केसभर पिळली. पंचम उतरला होता. मी देशकार गायलो, फार नाही, दहा मिनिटे.

त्या गाथेत एक जागा अशी आहे की जिथे आपण ज्या नदीकाठी राहतो तिचे नाव घ्यायचे. दादाच्या वेळी, १९६७ साली, माईच्या सीमंतोन्नयनात गुरुजी सवयीने गोदावरी म्हणू लागले, तेव्हा नानांनी त्यांना थांबवून 'स्वर्णरेखा' म्हणायला लावले होते. गुरुजी म्हणाले, अहो, तो नाला आहे. नाना म्हणाले, आम्ही त्याच्याच काठी आहोत. १८१० साली दौलतरावांची छावणी इथे पडली तेव्हापासून आमची माणसे इथे आहेत. ती स्वर्णरेखा आता काँक्रीटच्या पाटातून वाहते. या खेपेला गुरुजींनी जावयाला विचारले, "नदी कोणती?" त्याने दादाकडे पाहिले. दादाने माईकडे पाहिले.

माईच म्हणाली, "तुम्ही राहता कुठे? तीच सांगा."

"मुठा," जावई म्हणाला. गुरुजींनी मुठा म्हटले. सूत्राप्रमाणे ते अगदी बरोबर होते. माई उठून पानांची व्यवस्था बघायला आत गेली.

मंडळी पुण्यास परत गेली. जाताना तीन पट्ट्यांचा काटा पुतणीच्या पेटीत गेला. चार पट्ट्यांचा देव्हाऱ्यात राहिला आहे. चाचींच्या मते म्हणूनच भांडण मिटले, निम्मी कळ गाडीने गेली. निशिगंधाचे उरलेले अकरा कंद माईने फाल्गुनात कुंड्यांत लावले आणि त्या कुंड्या गच्चीवर चढवायचे काम मला दिले. खिडकीखालच्या रिकाम्या वाफ्यात तिने रताळ्यांचे वेल लावले आहेत. जनावरांसाठी का, असे मी विचारले, तेव्हा म्हणाली, "त्यांच्यासाठी कशाला? आपल्याला एकादशीला लागतात." एकादशीला आम्ही रताळी बाजारातून आणतो.